‘हो’च्या पुढचं ‘पण’

माझ्या आयुष्यात ‘हो, पण’ म्हणणारे दोघे आहेत: मी लिहिलेला प्रोग्राम आणि माझ्या सासूबाई. नुसतं ‘हो’ म्हणून मोकळे होणारेही दोघेच: आमचे साहेब आणि माझा नवरा. लोकांना अर्थातच दुसरी जोडी आवडते. मलाही आवडायची, त्या सोमवारपर्यंत.

आमचं ऑफिस दोन खोल्यांचं. खाली चाव्या बनवणाऱ्याचं दुकान, त्यामुळे दिवसभर कानस घासल्याचा आवाज. साहेबांचं खरं नाव काहीही असो, आम्ही त्यांना ‘होऊन जाईल’ म्हणतो. गिऱ्हाइकाने आकाशातला चंद्र मागितला तरी ते ‘होऊन जाईल’ म्हणतात आणि मग चंद्र माझ्या टेबलावर येऊन पडतो.

मी अटींचे प्रोग्राम लिहिते. म्हणजे काय, हे नातेवाइकांना सांगून सांगून मला आता पाठ झालंय. बाकीचे प्रोग्रामर मशीनला पायरी पायरीने सांगतात, आधी हे कर, मग ते कर. मी फक्त अटी सांगते. हा त्याच्या आधी, ती आणि तो एका वेळी नकोत, अमक्याला दुपारनंतर जमत नाही. अटींत बसणारं उत्तर मशीनने शोधायचं. आणि मशीनला एखादी गोष्ट पुरती माहीत नसेल, तर ते खोटं बोलत नाही. म्हणतं, ‘हो, पण अमुक तमुकच्या आधी असेल तर.’ न सुटलेली अट उत्तराच्या मागे तशीच लोंबत राहते. मला हा स्वभाव आवडतो. माणसांत तो क्वचित सापडतो.

त्या वेळचं गिऱ्हाईक होतं हाडांच्या ऑपरेशननंतर माणसांना पुन्हा चालायला शिकवणारं एक केंद्र. कोमट पाण्याचे दोन हौद, एक मोठा, एक छोटा, मधे लांब गल्ली. व्यायाम करून घेणाऱ्या चार जणी. साठ पेशंट. कोणाला कधी आणि कुठल्या हौदात उतरवायचं याचं वेळापत्रक मोठ्या सिस्टर बावीस वर्षं पेन्सिलने करत आल्या होत्या. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार, म्हणून प्रोग्राम हवा होता.

त्या साठांपैकी एक माझ्या सासूबाई. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, ते बसवलं, आणि दोन महिने त्या तिथल्या तळमजल्यावरच्या खोलीत होत्या. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. नवऱ्याचा धंदा म्हणाल तर लोकांच्या इमारतींत लिफ्ट बसवण्याचा. दिव्याखाली अंधार. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं: शुक्रवारी परीक्षा. केंद्रातल्या सरावाच्या दहा पायऱ्या आजींनी कोणाचा हात न धरता चढून उतरून दाखवल्या, तर रविवारी घरी. नाहीतर पुढची परीक्षा तीन आठवड्यांनी. त्यासाठी सोमवारपासूनचा रोजचा पाण्यातला व्यायाम एकही चुकता कामा नये.

आता सासूबाईंचं आणि माझं. आमचं भांडण नाही. भांडायला आधी बोलावं लागतं. आम्ही एकमेकींशी फार अदबीने, फार थोडं आणि नवऱ्यामार्फत बोलतो. ‘आईंना विचार, वरण चालेल का?’ ‘तिला म्हणावं, पंखा कमी कर.’ सोळा वर्षं हे टपालखातं बिनतक्रार चाललंय. त्यामुळे घरी आणायचं ठरलं तेव्हाही मी नवऱ्यालाच सांगितलं, “आईंना म्हणावं, या. पण बाहेरच्या खोलीतली खाट आता नको, माझ्या कामाची खोली त्यांची. तिला खिडकी आहे, बाथरूम जवळ आहे. माझं टेबल मी स्वयंपाकघरात नेते.” तो केंद्रात जाऊन आला आणि म्हणाला, “हो म्हणाली.” मग कुठल्या तरी दूरच्या गावी बारा मजल्यांची लिफ्ट बसवायला निघून गेला. मी शेजाऱ्याला हाताशी धरून टेबल ओट्याला खेटून लावलं. फोडणी दिली की कीबोर्डवर मोहरी उडायची, पण म्हटलं, असू दे.

आधीच्या गुरुवारी पहिलं वेळापत्रक छापून साहेबांपुढे ठेवलं. प्रत्येक पेशंटपुढे वेळ, हौद, शिकवणारीचं नाव. आणि त्याखाली बारीक अक्षरात: ‘पण _47 हे 11:00 च्या 10 मिनिटं आधी असेल तर.’ ‘पण _47 आणि _52 एकमेकांवर येत नसतील तर.’ अशा नव्वद ओळी.

“हे सत्तेचाळीस कोण?” साहेबांनी विचारलं.

“तो नियमाच्या आतला अज्ञात आहे, सर. आपण पेशंट, वेळ आणि हौद विचारतो. पण उत्तर काढताना आतल्या आत मशीनला आणखी काही गोष्टी मानाव्या लागतात, त्यांना ते असे नंबर देतं. बाहेरच्यांना त्यांच्याशी कर्तव्य नसतं.”

“मग बाहेर आले कशाला? काढून टाका. गिऱ्हाईक घाबरेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

मला कुठेतरी खटकलं, हे मी आज म्हणू शकते. त्या वेळी मला जेवायला जायचं होतं. मी दोन ओळी लिहिल्या: ज्या अटीत असा नंबर आहे, ती अट छापू नको. कागद एकदम स्वच्छ झाला. नुसते ‘हो’, ‘हो’, ‘हो’. साहेब खूश. केंद्राला पाठवलाही.

सोमवारी अकरा वाजता मी केंद्रात हजर, आपलं काम बघायला. सासूबाई मोठ्या हौदाच्या काठावर, व्यायामाचे कपडे, वर टॉवेल गुंडाळून, उतरवायच्या खुर्चीत बसलेल्या. शेजारच्या सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणे, की कागद आमच्या सुनेने केलाय. मला तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण मान जरा ताठ होती.

पाणी कोमट, शिकवणारी पाण्यात उभी, खुर्ची जागेवर. खुर्ची खाली येईना.

“पाणीकाका कुठे आहेत?” शिकवणारी ओरडली.

पाणीकाका म्हणजे ते केंद्र ज्यांच्या जिवावर चालतं ते गृहस्थ. उतरवायच्या दोन्ही खुर्च्या तेच चालवतात, पाणीही तेच तपासतात. ते त्या वेळी छोट्या हौदावर निघाले होते, कारण तिथेही अकरालाच एक निवृत्त बसड्रायव्हर खुर्चीत बसून “डबल बेल द्या की राव!” असं ओरडत होते. आणि अकरालाच तळघरात बॉयलर बघायची वेळ. काका गल्लीच्या मधोमध उभे होते, इकडे दोन पावलं, तिकडे दोन पावलं.

“ताई,” मला बघून ते म्हणाले, “कागदावर मी कुठेच नाही. मग म्हटलं आज सुट्टी असेल, तर तसंही नाही म्हणतात.”

सगळे हसले. ड्रायव्हरसाहेब तर खुर्चीतून पडायचेच बाकी होते. सासूबाई हसल्या नाहीत. काका आधी छोट्या हौदावर, मग तळघरात अडकले; पाऊण तास थंड पडत त्या बसून राहिल्या, मग वेळ संपली म्हणून त्यांना खोलीत नेलं. एक दिवस गेला. जाताना त्यांनी शिकवणारीला सांगितलं, “तिला म्हणावं, होतं असं.” मी त्यांच्यापासून तीन हातांच्या अंतरावर उभी होते. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

_47 म्हणजे काका होते. _52 म्हणजेही काकाच, छोट्या हौदावरचे. मशीन बिचारं सांगत होतं: हो, पण हा माणूस दोन ठिकाणी एकदम नसेल तर. काकांच्या वेळा कोणी पक्क्या केल्याच नव्हत्या, म्हणून ती अट तशीच लोंबत राहिली होती. ते ‘हो’ खरं की खोटं, हे त्या ‘पण’मध्येच होतं. मी ‘पण’ झाकलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

मोठ्या सिस्टरांकडे गेले, पायच धरायचे बाकी ठेवले. त्यांनी आपला पेन्सिलचा जुना कागद काढला. मी डोळ्यात तेल घालून पाहिलं. त्यावरही काका नव्हते!

“तुमच्याही कागदावर नाहीत की.”

“काकांचं नाव बावीस वर्षांत एकदाही लिहिलं नाही मी. पण दोन खुर्च्या एकदम कधी लावल्या का? पंधरा मिनिटांचं अंतर ठेवते. दहा मिनिटं खुर्ची उतरवायला, पाच ती गल्ली चालायला. बॉयलरच्या वेळेला खुर्ची नाहीच.” त्या पेन्सिल कानामागे खोचत म्हणाल्या, “अहो, मधल्या माणसाला कागदावरून काढायचं तर काढा. पण आधी त्याचा निरोप दोन्हीकडे पोचवा, मग काढा.”

हे वाक्य मी कॉलेजात तीन महिने शिकले होते, गणिताच्या कपड्यांत. तेव्हा कळलं होतं असं वाटलं होतं.

साहेबांना मी स्पष्ट सांगितलं की ‘होऊन जाईल’ म्हणायचं नाही, मंगळवारचा अख्खा दिवस मला लागेल, तोवर केंद्र सिस्टरांच्या पेन्सिलच्या कागदावर चालेल. त्यांनी तोंड उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि मिटलं. मंगळवारी संध्याकाळपर्यंत नवं काम उभं राहिलं. आतला अज्ञात काढण्याआधी त्याच्यामुळे बाहेरच्यांवर काय बंधन येतं ते काढायचं आणि ते त्यांच्या नावाने लिहायचं: आजींची खुर्ची आणि ड्रायव्हरसाहेबांची खुर्ची यांत किमान पंधरा मिनिटं. काका गेले, अंतर राहिलं. जिथे असं नुसतं हिशेबाने निघत नव्हतं, तिथे काकांच्या वेळा एकेक धरून बघायच्या, बसली तर ठेवायची, नाहीतर पुढची. आणि एवढं करूनही जे सुटत नाही, ते झाकायचं नाही. नंबर न देता साध्या शब्दांत छापायचं. बुधवारच्या कागदाखाली एकच ओळ उरली: ‘हो, पण काकांनी अकराला बॉयलरपाशी असायला हवं.’ काकांनी ती ओळ कापून खिशात ठेवली. सासूबाईंचा बुडालेला सोमवारचा व्यायामही बुधवारी दुपारी बसवता आला.

गुरुवारी मी त्यांचा व्यायाम संपायच्या वेळेला गेले. त्या काठावर केस पुसत बसल्या होत्या. नवरा गावाला, शिकवणारी दुसऱ्या पेशंटकडे. आमच्या मधे कोणीच नव्हतं. दोघी पाण्याकडे बघत बसलो. शेवटी मी म्हटलं, “रविवारची सगळी तयारी झालीये, आई. खोली मोकळी केली. मी आता स्वयंपाकघरात बसते कामाला.”

टॉवेल जागच्या जागी थांबला.

“कुठे बसतेस?”

“स्वयंपाकघरात. टेबल तिकडे नेलं.”

“मग मी येत नाही,” सासूबाई म्हणाल्या.

दोन महिने जी बाई घरी यायला दिवस मोजत होती, ती परीक्षेच्या आदल्या दिवशी येत नाही म्हणत होती.

“पण तुम्ही तर हो म्हणालात ना? त्याने सांगितलं मला.”

“मी म्हटलं होतं, येईन, पण तिचं टेबल हलवायचं नाही. हलवलं तर मी इथेच बरी. त्याला दोनदा सांगितलं.”

“आणि मी त्याला म्हटलं होतं, या म्हणावं, पण ती खोली तुमची.”

“मग तो मला म्हणाला, हो म्हणाली.”

“मलाही तेच म्हणाला.”

आम्ही एकमेकींकडे बघितलं. सोळा वर्षांत इतक्या जवळून बहुधा पहिल्यांदाच. माझ्या लक्षात आलं, मी साहेबांच्या कागदावर जे केलं, तेच हा गृहस्थ सोळा वर्षं घरात करतोय. दोन्हीकडचं ‘हो’ पोचवायचं आणि ‘पण’ खिशात घालायचं. खिशात दोन्ही ‘पण’ एकमेकांच्या उरावर बसलेली असली, तरी त्याला पत्ता नाही. चीड आली, हसूही आलं.

“एवढं काय त्या टेबलाचं, आई?”

त्यांनी टॉवेलची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, “माझं शिवणयंत्र होतं. लोकांचे कपडे शिवायची मी, चांगली शिवायची. हा झाला तेव्हा पाळण्याला जागा हवी म्हणून ते माळ्यावर ठेवलं. चार दिवसांसाठी. अजून तिथेच आहे.” आणि मग, “अगं, टेबल एकदा हललं की परत येत नाही.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते हौदाच्या पाण्यावर ढकललं. या बाईला मी सोळा वर्षं तुसडी समजत होते.

“बरं,” मी नाक पुसत म्हटलं, “आता दोन्ही अटी पक्क्या. खाटही त्या खोलीत, टेबलही त्या खोलीत. बसतं का बघू.”

मोठ्या सिस्टरांकडून पेन्सिल आणि चौकटीचा कागद आणला. मी मापं सांगायची, त्यांनी काढायचं. शिवणारा हात, रेघ कशी सरळ! खोलीची रुंदी नऊ फूट. खाट तीन. वॉकर घेऊन उठायला शेजारी मोकळी जागा तीन. टेबल खिडकीला लावून दोन. झाले आठ.

“बसतंय की!” मी म्हटलं.

“आणि कपाट?” सासूबाई म्हणाल्या.

कपाट नवऱ्याचं. खोल दोन फूट. आत लिफ्टची जुनी बटणं, कप्प्या, ज्यांच्या कंपन्या बुडाल्या अशा लिफ्टची माहितीपत्रकं. ना त्यांच्या अटीत त्याचं नाव होतं, ना माझ्या. ते गुपचूप कोपऱ्यात उभं होतं आणि सगळं घोडं बरोबर एका फुटाने तिथेच अडत होतं.

“बाहेरच्या खोलीत,” आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

शुक्रवारी सासूबाईंनी दहा पायऱ्या चढून उतरून दाखवल्या. सातवीवर जरा थांबल्या. माझा हात आपसूक पुढे गेला, तर डोळे वटारून म्हणाल्या, “मागे हो.” डॉक्टरांनी कागदावर सही केली. ड्रायव्हरसाहेबांनी जोरात डबल बेल दिली, तोंडानेच.

मग तिथूनच नवऱ्याला फोन लावला, आवाज मोठा करून दोघींच्या मधे धरला. आधी मी त्याला दहा मिनिटं झाडलं, त्यात त्याच्या आईने अधूनमधून भर घातली. एवढं एकमत त्याने कधी ऐकलं नव्हतं.

“तर तुझं कपाट बाहेरच्या खोलीत नेतोय,” मी म्हटलं. “चालेल ना?”

“हो,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “पण...”

आम्ही दोघींनी कान टवकारले. या माणसाच्या तोंडून मी हा शब्द पहिल्यांदाच ऐकत होते.

“पण काही नाही. ठेवतो फोन.”

“ठेवू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “अर्धवट सोडायचं नाही. पण काय?”

पलीकडे कोणीतरी ड्रिल चालवत होतं. ते थांबलं.

“पण तुम्ही दोघी आता परस्परच ठरवायला लागलात. मग मधे माझं काय काम राहिलं?”

थट्टेने म्हणाला, पण पुरतं थट्टेने नाही. मधला माणूस काढून टाकायचं गणित मी मंगळवारी इतक्या कौतुकाने मांडलं होतं. तो माणूस असा फोनवर विचारेल, हे त्या गणितात नव्हतं.

सासूबाईंना मात्र कळलं. “चोपन्न पायऱ्या आहेत रे,” त्या म्हणाल्या. “मागे कोण उभं राहणार? रविवारी सकाळच्या आत ये.”

तो शनिवारीच आला. कपाट त्यानेच ओढत बाहेर काढलं, माझं टेबल खिडकीला लावलं, आणि न सांगता माळ्यावर चढून शिवणयंत्र खाली आणलं. ते कुठे ठेवायचं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. सध्या कपाटाशेजारी आहे.

रविवारी आम्ही जिना चढलो. सासूबाई मधे, नवरा एक पायरी मागे, दोन्ही हात पसरून. मी एक पायरी पुढे, त्यांची पिशवी घेऊन. पहिला मजला न थांबता झाला. दुसऱ्यावर त्यांना धाप लागली. एक हात कठड्यावर, एक कमरेवर.

“थांबू या का जरा, आई?” मी विचारलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “पण...”

त्या श्वास घेत होत्या. मी वरच्या पायरीवर, तो खालच्या पायरीवर, आम्ही दोघंही पुढचं ऐकायला थांबलो.